बाळ एकच हात वापरतंय? ‘डावखुरा होणार’ म्हणून सोडून देऊ नका

ठाकुर्ली : “आमचा बाळ्या डावखुरा होणार बघा, सगळं डाव्या हातानेच घेतो,” असं आजी कौतुकाने सांगते. पण बाळ सहा-सात महिन्यांचंच असेल, तर जरा नीट बघा. या वयात बाळ दोन्ही हात साधारण सारखेच वापरतं. कायम एकच हात पुढे येत असेल, तर दुसऱ्या हातात ताकद कमी असू शकते.

असं का होतं? ठाकुर्लीजवळ चोळ्यात पूर्वी रेल्वेचं पॉवर हाऊस होतं. रेल्वेत आधी तारा ओढतात, मग वीज सोडतात. मेंदूत उलटं घडतं. जोडणी पूर्ण व्हायच्या आधीच मेंदूच्या पेशींत विजेचे बारीक झटके सुरू होतात आणि कोणती जोडणी टिकणार, हे त्यावरून ठरत जातं. गर्भ सातव्या-आठव्या आठवड्यात हलू लागतो. आईला ते साधारण पाचव्या महिन्यात जाणवतं.

हालचालीच्या तारा मेंदूच्या प्रत्येक बाजूने सुरुवातीला शरीराच्या दोन्ही बाजूंना जातात. ज्या कामात राहतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या बऱ्याचशा मागे हटतात. म्हणून पुढे उजवा हात मुख्यतः मेंदूची डावी बाजू चालवते. एका बाजूला इजा झाली, तर तिथलं काम मंदावतं आणि जोडणी कच्ची राहते.

पेशी प्रमाणाबाहेर चेतवल्या तरी परिणाम होतो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. विदिता वैद्य यांच्या गटाने २०२० मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पिल्लांच्या पहिल्या दोन आठवड्यांत मेंदूच्या ठरावीक पेशी जास्त चेतवल्या, तर मोठेपणी त्यांच्या वागण्यात भीती वाढलेली दिसली.

म्हणून पहिलं वर्ष महत्त्वाचं. याकडे लक्ष ठेवा :

• चार महिने झाले तरी मान धरत नाही
• नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही
• वर्षाच्या आत एकच हात वापरतं, दुसऱ्याची मूठ मिटलेली
• दीड वर्ष झालं तरी चालत नाही

यातलं काही दिसलं म्हणजे आजार आहेच, असं नाही. पण ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून थांबू नका. बाळ कमी दिवसांचं असेल किंवा जन्मतः रडलं नसेल, तर जास्तच जपा. आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मोफत तपासणी करतं. जोडणी पक्की होत असतानाच व्यायाम सुरू झाला, तर हाताला फायदा होण्याची शक्यता जास्त.