गाडीची चावी आणि रिमोट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडीची चावी म्हणून आपण जे खिशात बाळगतो, त्यात खरं तर तीन वस्तू असतात. दाराचं कुलूप उघडणारं पातं, इंजिन सुरू व्हायला परवानगी देणारी चिप आणि सेंट्रल लॉक चालवणारा रिमोट. तिन्ही एकाच खोक्यात असल्या, तरी एक बंद पडली म्हणून बाकीच्या दोन बंद पडत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक चांगली गाडी टो करून नेतात.

गैरसमज : रिमोटचा सेल संपला की गाडी सुरूच होत नाही.

चिपला सेल लागतच नाही. इग्निशनभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चावी लावली की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला क्षणभर पुरेल इतकी वीज मिळते आणि ती आपला संकेत गाडीला कळवते. संकेत जुळला की इंजिन अडवून ठेवणारा इमोबिलायझर त्याला मोकळं सोडतो. म्हणजे रिमोट मेला असला, तरी दार पात्याने उघडायचं आणि नेहमीप्रमाणे स्टार्टर मारायचा. दार असं उघडल्यावर अलार्म वाजला तर घाबरू नका, बहुतेक गाड्यांत इग्निशन चालू होताच तो थांबतो.

बटण-स्टार्टच्या गाडीतही सोय असते. रिमोटच्या कडेची बारीक खटकी सरकवली की आतून पातं निघतं. काही गाड्यांत दाराचं कुलूप हँडलवरच्या प्लॅस्टिकच्या टोपीखाली दडलेलं असतं. आत बसून ब्रेक दाबायचा आणि रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबायचं. काही मॉडेलमध्ये रिमोट ठेवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. या गाड्यांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रिमोट गाडीबाहेर गेला म्हणून चालू इंजिन बंद पडत नाही. बायको पर्समधल्या रिमोटसह स्टेशनवर उतरली, तरी नवरा ऑफिसपर्यंत आरामात पोचतो आणि इंजिन बंद केल्यावर तिथेच अडकतो.

गैरसमज : चावी आत राहिली, तर घरच्यांनी फोनवर दुसऱ्या रिमोटचं बटण दाबावं, दार उघडतं.

हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि तो साफ चुकीचा आहे. फोन आवाज पोचवतो, रिमोट रेडिओलहरी सोडतो. आपल्याकडच्या बहुतेक रिमोटच्या लहरी 433 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात, त्या माइकला कळतही नाहीत. एरवी हसून सोडून देता आलं असतं, पण आत मूल अडकलेलं असताना असल्या प्रयोगात मिनिटं घालवणं जिवावर बेतू शकतं. उन्हातल्या बंद गाडीत जेवढं तापमान वाढतं, त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. अशा वेळी 112 ला फोन लावा आणि मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात टणक वस्तू मारून फोडा. पुढच्या काचेच्या नादी लागू नका. तिच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, ती तडकते पण मोकळी होत नाही.

गैरसमज : बटण दाबूनही काही होत नाही, म्हणजे रिमोट गेला.

आधी सेल बदला. अनेक रिमोटमध्ये सीआर2032 हा सेल असतो: व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. नंबर तोच घ्या आणि प्लस-मायनसची बाजू पाहून बसवा. एखाद्याच पार्किंगमध्ये रिमोट चालत नसेल, तर तिथल्या दुसऱ्या रेडिओलहरींचा अडथळा असू शकतो. चोरही जॅमर लावून लॉकचा संकेत अडवतात, म्हणून निघताना हँडल ओढून पाहायलाच हवं.

काढलेला जुना सेल मात्र टेबलावर ठेवू नका. मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजतं, आणि रिमोटला न पुरणाऱ्या सेलमध्येही तेवढी ताकद उरलेली असते. नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट रुग्णालय गाठा.

गैरसमज : हरवलेली चावी कोपऱ्यावरचा चावीवाला बनवून देईल.

पातं तो कापून देईल आणि दारही उघडेल, पण चिपची नोंद गाडीच्या मेमरीत केल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही. त्यासाठी प्रोग्रॅमिंगचं यंत्र लागतं. त्याच वेळी हरवलेल्या चावीची नोंद पुसून घ्या, नाहीतर ती ज्याच्या हाती लागेल त्याच्यासाठी गाडी सुरू होईल. उरलेल्या सगळ्या चाव्या सोबत न्या, कारण नोंदी पुसल्या की त्या पुन्हा जोडाव्या लागतात.

पोलिसांकडे नोंदही करा. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद करता येते, पण ती एफआयआर नव्हे. चावी चोरीला गेली असेल, तर ठाण्यातच जा. विमा कंपनीलाही लेखी कळवा, कारण पुढे गाडीच चोरीला गेली, तर दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ चाव्या मागितल्या जातात.

एकच चावी उरली असेल, तर दुसरी लगेच करून घ्या. शेवटची चावी हरवल्यावर खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. आणि चावीसोबत मिळालेल्या टॅगवरचा नंबर गाडीत न ठेवता घरी लिहून ठेवा.