एक ‘रन’, अर्थ ६४५

• अव्वल कोण? ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या संपादकांनी २०११च्या सुमारास ‘रन’ या क्रियापदाचे तब्बल ६४५ अर्थ नोंदवले. एवढ्या एका शब्दावर कोशकार पीटर गिलिव्हर नऊ महिने खपत होते.

• आधीचा मानकरी : ‘सेट’. कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद त्याचीच होती.

• पसारा वाढला कसा? ‘रन’ मुळात पळण्याचा. यंत्रयुगात आगगाडी, इंजिन, कारखाना यांच्यासाठीही तोच शब्द रुळला. पुढे संगणकातले प्रोग्रॅमही ‘रन’ होऊ लागले.

• मराठीत काय म्हणाल? नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो, नळ सुरू राहतो, दुकान चालतं. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘रन’!

• शेपूट बदललं की अर्थ बदलला : ‘रन इनटू’ म्हणजे अचानक गाठ पडणं, ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणं, ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली चिरडणं.

• देश तसा शब्द : अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो; ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो.