कर्करोगाचा दोष मनावर नको

समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीवरील पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये क्षयरुग्णांसाठी ‘बेल-एअर’ हे आरोग्यधाम सुरू केले, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरील औषधाचा शोध लागायला तीन दशके अवकाश होता आणि मोकळी हवा, सकस आहार व पूर्ण विश्रांती यांवरच उपचारांची भिस्त होती. त्याही आधी, क्षयाचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये दाखवून देईपर्यंत युरोपात हळव्या, झुरणाऱ्या स्वभावाशी या रोगाचा संबंध जोडला जात असे. कारण अज्ञात असलेल्या रोगाचे खापर रुग्णाच्या मनावर फुटते आणि क्षयानंतर ही पाळी कर्करोगावर आली, अशी मांडणी लेखिका सुसान सोन्टॅग यांनी 1978 मध्ये केली.

‘फार मनाला लावून घेतले, म्हणून कॅन्सर झाला’ या समजुतीला संशोधनाचा आधार मिळत नाही. नेदरलँड्स, ब्रिटन, नॉर्वे व कॅनडातील तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीच्या 2023 मधील विश्लेषणात नैराश्य व चिंताविकार यांचा स्तन, पुरःस्थ ग्रंथी किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाशी जो थोडा संबंध दिसला, त्याचा बराचसा भाग धूम्रपानासारख्या सवयींमुळे होता. म्हणजे ताण हलका करण्यासाठी जवळ केलेली विडी, मिश्री किंवा तंबाखू हीच खरी धोक्याची वाट ठरते.

उलट दिशेचा संबंध मात्र पक्का आहे, कारण कर्करोगाच्या साधारण दर सहा रुग्णांपैकी एकाला नैराश्य येते. भूक मंदावणे, झोप उडणे व थकवा ही लक्षणे केमोथेरपीनेही उद्भवत असल्याने हे नैराश्य सहज नजरेआड होते; म्हणून आवडीच्या गोष्टींतून मन उडणे आणि स्वतःला निरुपयोगी मानणे या खुणा अधिक महत्त्वाच्या ठरतात. समूह-मानसोपचाराने आयुष्य वाढते, ही 1989 च्या एका अभ्यासाने जागवलेली आशा पुढील मोठ्या चाचण्यांत टिकली नाही, तरी 2001 च्या चाचणीत अशा उपचारांनी मनाची तगमग आणि वेदनेची जाणीव कमी झाल्याचे दिसले.

औषधांची निवडही जपून करावी लागते. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन यकृतातील एका विकरामुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनामुळे, अधिक प्रभावी रूपात बदलते आणि नैराश्यावरील पॅरॉक्सेटिन नेमके त्याच विकराला अडवते. त्यामुळे मनासाठी घेतलेली गोळी कर्करोगतज्ज्ञापासून लपवणे धोक्याचे असते. ती परस्पर बंद न करता दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलून घेता येते.