कॉलेजच्या सेवकांचा गौरव

कॉलेजातील सेवकांचा गौरव म्हणजे हारतुरे व मानपत्र, असा आपला समज आहे. परंतु पुण्याच्या कृषि-कॉलेजातील उद्यानविद्येचे अध्यापक डॉ. चिमा यांचा गौरव द्राक्षाच्या मांडवाखाली झाला. पांढरी साहेबीच्या रोपांतून त्यांनी निवडलेल्या वाणास ‘चिमा साहेबी’ म्हणू लागले. गणेशखिंडीच्या बागेत १९३६ साली आळंदी वाणातून त्यांनी निवडलेले डाळिंब मात्र ‘गणेश’ झाले. आजच्या भगव्याच्या कुळातही तेच आहे. रोपांस पाणी घालणारे, फळे मोजून टिपणारे माळी व कारकून तर कोणत्याच नावात नाहीत. जन्मभर पीकपाणी उतरून काढले, त्यामुळे मला हे अंमळ अधिक बोचते. आमच्या प्रदर्शनात डाळिंबाच्या पाटीवर निदान चिमांचे नाव लिहावे, अशी विनंती मी चिटणिसांस केली आहे.