कुंपण पाकिटापुरतेच

19 ऑगस्ट 2025 ला केंद्राने परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग 31 डिसेंबरपर्यंत मुदत वाढवली. नेमका आमच्या वेचणीचा काळ. लांब धाग्याचा त्या हंगामातला हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, पण तो जाहिरातीत. व्यापाऱ्याच्या काट्यावर वेगळाच. आमच्या मिरजगावात तेव्हापासून एकच विचारणा ऐकतोय: परदेशी कंपनीविरुद्ध कायदा करणारे राज्य ते हेच का?

  त्या कायद्याची गंमत 2002 नंतरची, बीटी कापूस आल्यावरची. बियाणे कंपनी मोन्सॅन्टो अमेरिकेची, पण आली जालन्याच्या महिकोचा हात धरून. 450 ग्रॅमचे बीटी पाकीट 1600 रुपयांच्या घरात. 2006 साली आंध्रने मक्तेदारी आयोगात धाव घेतली, पाकीट 750 वर आले, तेव्हा कुठे आपल्याला जाग आली. 2009 च्या कापूस बियाणे कायद्याने किंमत ठरवायचा अधिकार राज्याने घेतला. त्याचे कौतुक मला आजही आहे.

पण जूनमध्ये दुकानापुढे रांग लागायची तेव्हा हा कायदा दिसायचा नाही. हवे ते वाण पाहिजे तर नको ते खतही न्या. याला लिंकिंग म्हणत. पावती छापील किमतीची, वरचे पैसे हातोहात. ऑगस्ट 2012 मध्ये सरकारने काळ्याबाजाराचा ठपका ठेवून महिकोचा परवाना रद्द केला. तोवर पेरण्या कधीच उरकल्या होत्या! शिवाय पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी, ‘रेफ्युजी’चे बी यायचे. ते कडेने लावले तर अळीला बीटी लवकर पचत नाही. हे सांगायला बांधावर कोण आले? बहुतेकांनी ते फेकून दिले. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, आणि कौतुक घ्यायला पुढे आलेले सगळे पुढारी गायब.

2019 च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने बंदी असलेले तणनाशकरोधी बियाणे उघडपणे पेरले. तेव्हाचे अध्यक्ष अनिल घनवट आमच्या शेजारच्या श्रीगोंद्याचे, त्यामुळे इकडेही पारावर वाद रंगले. तंत्रज्ञानाला दार लावू नका, हे त्यांचे म्हणणे मला पटते. विनापावतीचे पाकीट फसले तर दाद कुणाकडे मागायची, हे मात्र कुणी सांगितले नाही.

किमतीचा अधिकारही डिसेंबर 2015 च्या आदेशाने केंद्राकडे गेला. 2020 पासून परदेशी तंत्रज्ञानाचे शुल्क शून्य आहे. 2006 च्या बोलगार्ड-2 या बीटी तंत्रज्ञानानंतर मोन्सॅन्टोचे कापसात नवे काही अधिकृतपणे आलेले नाही. 2025 च्या हंगामात तेच पाकीट 901 रुपयांना घेतले. गुलाबी अळी त्यावरही आलीच.