मे महिन्यात पाणी कोण घालणार?

शाळेत वनौषधींची बाग करायची ठरली की पहिली बैठक रोपांच्या यादीवर होते. तुळस, अडुळसा, गवती चहा, कोरफड लिहून होतात. मग कोणी शतावरी सुचवतं, कोणी थेट रुद्राक्षापर्यंत पोचतं. खरा प्रश्न निघतो तो चहा पिऊन सगळे उठताना: मे महिन्यात पाणी कोण घालणार? माझं म्हणणं एवढंच, की बैठक त्या प्रश्नापासूनच सुरू करावी.

जिल्हा परिषदेच्या शाळेचं वर्ष जूनमध्ये पावसाच्या तोंडावर उघडतं. तेव्हा नुसती काडी खोचली तरी फुटते. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला आलेल्या पाहुण्यांना बाग फिरवून दाखवतात, फोटो निघतात. पुढे उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागलं की कित्येक आठवडे त्या बागेला वाली नसतो. विदर्भात तर सुट्टी आणखी लांबते. शाळा पुन्हा उघडते तेव्हा पत्र्याच्या पाट्या तेवढ्या उभ्या असतात आणि त्यांच्या पायाशी भेगाळलेली माती.

म्हणून रोपांची निवड मे महिन्याच्या हिशेबाने करावी. काही वनस्पती उन्हाळी सुट्टी स्वतःच घेतात. हळद पावसाच्या सुरुवातीला लावली की माघ-फाल्गुनात तिची पानं पिवळी पडून वाळतात. परीक्षेच्या आधी मुलांच्या हातांनी खणून काढायला याहून चांगलं पीक नाही. बेण्याचे गड्डे सावलीत झाकून ठेवले की पुढच्या पावसापर्यंत त्यांना पाणी लागत नाही. शतावरी वरून वाळली तरी जमिनीतल्या तिच्या मांसल मुळ्या जिवंत असतात. गुळवेलीची पानं झडतात, पण कांड मरत नाही. तोडून टांगून ठेवलेला तुकडासुद्धा हिरवा राहतो आणि दोऱ्यासारखी मुळं खाली सोडतो. मुलांना हे एकदा वर्गाच्या खिडकीत टांगून दाखवावंच. कोरफडीबद्दल तर बोलायलाच नको.

तुळस आणि सब्जा उन्हाने गेले तरी बी मागे सोडून जातात. पहिल्या पावसानंतर वाफ्यात रोपांची गर्दी होते आणि वाटायला रोपं विकत आणावी लागत नाहीत. खरे नाजूक म्हणजे पुदिना आणि ब्राह्मी. त्यांना बागेच्या मध्यभागी मानाची जागा देण्यात अर्थ नाही. मुलं जिथे हात धुतात तिथल्या ओलीजवळ ती लावावीत, आणि सुट्टी लागली की कुंड्यांतून कोणाच्या तरी पडवीत मुक्कामाला पाठवावीत. कुंडीतला पुदिना एरवीही बरा. मोकळा सोडला तर शेजारचा वाफा गिळतो.

पाण्याखालोखाल धास्ती शेळीची. इथे अडुळसा दुहेरी कामाला येतो. तमिळमध्ये त्याला ‘आडातोडै’ म्हणतात. आडु म्हणजे शेळी, आणि शेळी ज्याला तोंड लावत नाही ते हे झाड. वनस्पतिशास्त्रातल्या ‘अधाटोडा’ या नावाचं मूळ तिथेच सांगतात. पावसाच्या सुरुवातीला याची छाटं ओळीने टोचली की कुंपण तयार होतं. जोडीला निर्गुडी लावावी, तिलाही गुरं सहसा शिवत नाहीत. विज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगी गोष्टही अडुळशात आहे: त्याच्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यापासून पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध आलं. कुंपणाला चंद्रज्योत मात्र नको. तिच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना दवाखान्यात न्यावं लागल्याच्या बातम्या येतच असतात. आवारात पिवळी कण्हेर असेल तर तीही काढावी. बिट्ट्यांनी आपण लहानपणी खेळलो असू, पण ते बी जिवावर बेतणारं आहे.

पाट्यांचं काम सोपं वाटतं, आणि चुका सर्वांत जास्त तिथेच होतात. जाड, लोकरी पानांच्या ‘पानओव्या’वर कोणी नुसतं ‘ओवा’ लिहितं, आणि मुलांना वाटतं की डब्यातला ओवा याचाच. तो ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, हा तुळशीच्या. ब्राह्मीच्या नावाखाली कुठे गोल पानांची मंडूकपर्णी असते, कुठे बारीक जाडसर पानांची खरी ब्राह्मी. दोन्ही जमिनीसरपट वाढतात, म्हणून दोन्ही खपतात. गुळवेलीसारखीच दिसणारी तिची एक जातबहीण आहे. करोनाकाळात घरोघर गुळवेलीचे काढे उकळले गेले, यकृताच्या तक्रारींची चर्चा झाली, तेव्हा या सारखेपणाची आठवण आयुष मंत्रालयालाही करून द्यावी लागली. म्हणून शाळेने कोणाला काढा पाजू नये. स्वयंपाकघरात चालतं तेवढंच वापरावं: फोडणीला कढीपत्ता, चटणीला पुदिना, कधीतरी पानओव्याची भजी. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना बाग दहा पावलांवर असेल तरच त्या पानं खुडतील.

शाळेतल्या बागेची कल्पना नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हापासून हाताने करायचं काम शाळेत असावं असं आपण म्हणत आलो आहोत. २०१९ मध्ये केंद्राने शाळांतल्या पोषण-परसबागांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. परिपत्रकाने रोप लागतं, पण मे महिन्यात परिपत्रक पाणी घालत नाही.

उत्तर गावातच असतं. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्मे सदस्य स्त्रिया. म्हणजे बागेचं राखणदार मंडळ कागदावर आधीच तयार आहे. त्यांना वेळापत्रक लावून दिलं की दोन दिवस चालतं आणि बंद पडतं. त्याऐवजी बागेतून न्यायला काहीतरी हवं. गवती चहाचा ठोंब दरवर्षी फोडावाच लागतो. निघालेले कोंब घरोघर द्यावेत. ‘पानं लागली तर घेऊन जा, येताना कळशी आणा’ एवढा एकच नियम ठेवावा.

झाडांमध्ये तोंडापर्यंत पुरलेली मातीची मडकी असली तर रोज यायचीही गरज नाही. बिनझिलईच्या मडक्यातून पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळं त्याच्याभोवती गोळा होतात. वर झाकण ठेवायचं, नाहीतर डास होतात.

आणि फाटकाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवू नये. शाळेला लागून असलेल्या घरातल्या आजींकडे द्यावी. त्यांना संध्याकाळच्या चहात टाकायला गवती चहाची दोन पाती लागतात. मे महिन्यातही लागतात.