खांद्याचे बळ आणि घरची भिंत

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या वस्त्यांतील मैदाने पहाटे पाचलाच जागी होतात. मुले धावतात, मुलीही धावतात. धावायला रस्ता पुरतो, म्हणून धावण्याची तयारी जो तो करतो. परंतु मैदानी चाचणीत गोळाफेकही असते. मुलांसाठी ७.२६ किलोचा गोळा, मुलींसाठी ४ किलोचा. आणि तेथे अनेकांचे गुण जातात. पाय तयार झालेले असतात, खांदा मात्र कच्चा राहिलेला असतो. एकेका गुणावर निवडयादीत नाव वर जाते किंवा खाली येते, हे ज्यांच्या घरात भरतीचा उमेदवार आहे त्यांना आम्ही सांगायला नको.

गोळा नुसत्या खांद्याने फेकला जात नाही, हे खरे. ताकद तळपायातून निघते, मांडी, कंबर आणि धड यांतून वर चढते आणि शेवटी खांदा, कोपर व मनगट तिला गोळ्यापर्यंत पोचवतात. ही शेवटची कडीच ढिली असेल तर खालून आलेली सगळी ताकद वाटेत सांडते. म्हणून खांद्याकडे लक्ष देणे भाग आहे.

आता प्रश्न खर्चाचा. जिमची फी, वर पावडरचे डबे, असा हिशेब मांडला तर रोजंदारीवर जगणाऱ्या घराला तो झेपत नाही. आम्ही दिवसभर दफ्तरात आकडेमोड करणारी माणसे. संध्याकाळी समाजमंदिराच्या पटांगणात मुलांबरोबर असतो तेव्हाही हा हिशेब डोक्यात चालूच असतो. म्हणून आज वाचकांपुढे असा एक व्यायाम ठेवत आहोत, ज्याला पैसा लागत नाही, भिंत लागते. भिंत कोणाकडे फी मागत नाही आणि कोणाचे आडनावही विचारत नाही. हा व्यायाम म्हणजे हातांवर उभे राहून काढायचे जोर. जिममध्ये याला हँडस्टँड पुश-अप म्हणतात.

हे काही परदेशातून आलेले खूळ नव्हे. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला नवे जीवन दिले. त्या मल्लखांबावर हातांच्या आधारे शरीर उलटे तोलणारी मुले महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत. योगासनांतही हातांवर उभे राहण्याचे आसन आहे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी त्याला अधोमुख वृक्षासन म्हटले आहे.

खांदा घडतो कसा?

शरीरातील सर्वांत मोकळा सांधा खांद्याचा. हात पुढे, मागे, वर आणि गोल, कसाही फिरतो. ही मोकळीक फुकट मिळालेली नाही. दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ खोबणीत बसलेला असतो, जणू बशीवर चेंडू ठेवावा तसा. त्याला जागेवर धरून ठेवतात ते आतले चार लहान स्नायू. बाहेरून दिसणारा गोलाकार मोठा स्नायू हात उचलतो, दंडामागचा स्नायू कोपर सरळ करतो, आणि मानेपासून पाठीपर्यंत पसरलेले व बरगड्यांना चिकटलेले स्नायू पाठीवरचा फरा फिरवतात. हात डोक्यावर नेऊन वजन ढकलायचे तर या सर्वांना एकाच वेळी राबावे लागते.

साध्या जोरात, म्हणजे पालथे पडून हातांवर उठताना, हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग येतो. उरलेला भार पाय घेतात. हातांवर उभे राहिले की पायांची मदत संपते आणि जवळजवळ सगळे वजन हातांवर येते. साठ किलोच्या मुलाने असा एक जोर काढला म्हणजे जवळपास तेवढेच वजन डोक्यावर ढकलल्यासारखे झाले. यावरून दोन गोष्टी कळतात. हा व्यायाम खांद्याला खरोखर बळ देतो, आणि तो पहिल्या दिवशी करण्याचा व्यायाम नाही.

येथेच आमची मुले घाई करतात. मोबाइलवर कोणीतरी दहा-दहा जोर सटासट काढताना दिसतो आणि दुसऱ्या दिवशी मुलगा भिंतीवर पाय फेकतो. हात लटपटतात, कोपर उघडते, डोके आपटते आणि मान दुखावते. मग महिनाभर व्यायाम बंद. हमाली करणाऱ्या किंवा गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्या मुलाचा खांदा दुखावला तर व्यायामाबरोबर त्याची मजुरीही बुडते. खांदा हे त्याचे भांडवल आहे. ते घाईत उधळायचे नसते.

पायऱ्या

पहिली पायरी साध्या जोरांची. कंबर खाली न सोडता, छाती जमिनीजवळ नेऊन सलग वीस जोर नीट निघाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी कंबर वर उचलून काढायच्या जोरांची. हात व पाय जमिनीवर, ढुंगण वर, शरीराचा आकार घराच्या छपरासारखा. या स्थितीत कोपरे वाकवून डोके हातांच्या थोडे पुढे जमिनीकडे न्यावे व पुन्हा वर यावे. आठ ते दहा जोरांचे तीन सेट सहज होऊ लागले की पाय ओट्यावर किंवा भक्कम बाकावर ठेवून हाच व्यायाम करावा. पाय जितके उंच, तितका खांद्यावर भार अधिक. प्लॅस्टिकची खुर्ची वापरू नये, ती सरकते.

तिसरी पायरी नुसते उभे राहण्याची. भिंतीकडे पाठ करून ओणवे व्हावे, हात जमिनीवर टेकावेत आणि पायांनी भिंत चढत हात हळूहळू भिंतीजवळ आणावेत. पोट भिंतीकडे येईल. कोपरे ताठ, बोटे पसरलेली, ढुंगणाचे स्नायू आवळलेले, बरगड्या आत. खांदे कानांकडे ढकलून जमीन दूर लोटावी. सुरुवातीला दहा सेकंद पुष्कळ झाले. तेथून एक मिनिटापर्यंत जावे. चढण्याआधी उतरायला शिकावे. हात पुढे चालवत आणि पाय भिंतीवरून खाली आणत यायचे, किंवा तोल गेला तर एका बाजूला वळून पाय टेकायचे. अंगातली सगळी शक्ती संपेपर्यंत कधीही वर राहू नये, उतरण्यापुरती शिल्लक ठेवावी.

चौथी पायरी सावकाश खाली येण्याची. येथे पाठ भिंतीकडे असते. हात भिंतीपासून सुमारे दीड वीत अंतरावर आणि खांद्यांहून किंचित रुंद ठेवावेत. पाय वर फेकताना सुरुवातीचे काही आठवडे जोडीदाराने पाय धरावेत. डोक्याखाली गोधडीच्या चार-पाच घड्या ठेवाव्यात. तीन ते पाच सेकंद मोजत डोके गोधडीपर्यंत आणावे आणि पाय खाली घ्यावेत. वर ढकलायचे नाही. खाली येताना स्नायू भार धरून लांब होतो आणि त्यातूनच वर जाण्याची ताकद तयार होते. असे तीन-तीनचे तीन सेट पुरेत.

पाचवी पायरी अर्ध्या अंतराच्या जोरांची. गोधड्यांचा थर उंच ठेवला की खाली जायचे अंतर कमी होते. तेवढ्यातून वर ढकलावे. तीन जोर स्वच्छ निघाले की एक घडी काढावी. घड्या कमी होत होत एके दिवशी एकच सतरंजी उरते आणि पूर्ण जोर निघतो. कोणाला चार-सहा महिने लागतील, कोणाला वर्ष. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. स्नायू व्यायामाच्या वेळी थकतो आणि विश्रांतीत वाढतो, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

खरा जोर आणि खोटा जोर

ऑलिंपिकमधील वजन उचलण्याच्या स्पर्धेत पूर्वी तीन प्रकार होते. त्यांतील एकात छातीपर्यंत घेतलेले वजन निव्वळ हातांनी डोक्यावर ढकलायचे असे. पुढे पुढे स्पर्धक कंबरेतून इतके मागे वाकू लागले की खांद्याचा व्यायाम छातीचा होऊन गेला. नियमात बसणारे कोणते व न बसणारे कोणते, हे पंचांना ठरवता येईना. अखेर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकारच काढून टाकण्यात आला.

भिंतीपाशीही हेच घडते. पाठीची कमान झाली की भार खांद्यावरून छातीकडे सरकतो आणि कंबरेचे मणके त्याची किंमत मोजतात. पायांचा झटका देऊन वर जाणे हाही तसलाच मार्ग. आकडा वाढतो, खांदा वाढत नाही, आणि झटक्यानंतर वेगाने खाली येणारे शरीर मानेवर आदळते. डोके गोधडीला फक्त स्पर्श करील, वजन देणार नाही. डोके दोन हातांच्या मधोमध न येता बोटांच्या थोडे पुढे यावे. दोन तळहात आणि डोके यांचा त्रिकोण झाला म्हणजे जागा बरोबर समजावी. कोपरे बाहेर पंखांसारखी पसरू नयेत, तिरकी मागे जावीत. वर ढकलताना श्वास सोडावा, कोंडून धरू नये.

आणखी एक. जितके ढकलावे तितके ओढावेही. नुसते जोर काढणाऱ्यांचे खांदे पुढे झुकतात. म्हणून सिंगल बारला लटकणे आणि पुल-अप यांची जोड द्यावी. तेही खांद्याच्याच हिताचे आहे.

कोणी करू नये?

रक्तदाब असलेल्यांनी, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असलेल्यांनी उलटे होण्याचा व्यायाम करू नये, कारण डोके खाली गेले की डोळ्यातील दाब वाढतो. मानेचे किंवा मनगटाचे दुखणे, एकदा निखळलेला खांदा, गरोदरपण यांतही तो वर्ज्य. जेवणानंतर तर कोणीच नाही. आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या, खुर्चीत बसून खांदे आखडलेल्या मंडळींनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी आणि दुसऱ्या पायरीवर समाधान मानले तरी चालेल. तेवढ्यानेही खांद्यात बळ येते. मुलींना हा व्यायाम जमत नाही हा समज मात्र काढून टाकावा. मुलींना सुरुवातीच्या पायऱ्यांवर थोडे अधिक दिवस द्यावे लागतात, एवढेच. आयांनी आणि आजींनी "मुलीच्या जातीला हे कशाला?" असे म्हणण्याऐवजी गोधडीची घडी घालून द्यावी.

पालकांसाठी दोन शब्द

हा सारा खटाटोप आम्ही का सांगतो, ते स्पष्ट केले पाहिजे. लवकर शरीर कमावण्याच्या नादात मुले इंजेक्शनकडे वळत आहेत. स्नायू फुगवणारी स्टिरॉइड्स हृदय, यकृत आणि प्रजननशक्ती यांवर घाला घालतात. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरायचे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन व्यायामाआधी टोचून घेण्याचे प्रकार पुण्यासह राज्यातील अनेक शहरांत पोलिसांच्या कारवायांतून उघड झाले आहेत. ज्या वर्दीसाठी मुलगा धडपडतो, त्याच वर्दीतील माणसे त्याला पकडायला यावीत, याहून मोठी शोकांतिका कोणती?

मुलाची छाती महिन्याभरात एकाएकी फुगली, चिडचिड वाढली, पैसे कोठे जातात ते सांगता येईना, तर पालकांनी गप्प बसू नये. आधी जवळ बसवून विचारावे, मग डॉक्टरांकडे न्यावे. अन्नाचे म्हणाल तर डाळ, शेंगदाणे, चणे, अंडी, जमेल तेव्हा मासळी-मटण आणि पुरेशी झोप एवढ्यावर मेहनती शरीर चांगले उभे राहते.

प्रत्येक वस्तीत एक भक्कम भिंत, दोन सतरंज्या, एक सिंगल बार आणि उत्साही मुलांवर नजर ठेवणारा एक जाणता माणूस, इतके जमवणे आमच्या मंडळांना कठीण नाही. वर्गणीचा थोडा भाग तिकडे वळवला तरी पुरे. भिंतीवर एक कागद लावावा. त्यावर प्रत्येक मुलामुलीचे नाव, ती कोणत्या पायरीवर आहे आणि कोणत्या तारखेपासून, एवढेच लिहावे. किती जोर काढले हे लिहू नये. पायरी पक्की झाली की आकडा आपोआप येतो.